वासरू खुशाल आहे

एडनला माझा स्वतःचा रेडिओ नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. दर्यापार नोकरी केलेल्या माणसाकडे सगळंच असणार असं लोकांना उगाच वाटतं. माझ्याकडे एक ट्रंक, एक वळकटी आणि मायनं दिलेली तिखटाची बरणी होती. रेडिओ पुणेकरांचा होता, आणि तो पुणेकरांचा आहे हे ते आम्हाला एक दिवस विसरू देत नसत. त्यावर त्यांच्या सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण असायचं. ते झाकण काढायचं, घडी करायची, चष्मा पुसायचा आणि मगच कान पिळायचा. तोवर निम्म्या बातम्या होऊन गेलेल्या असत.

बंदरावरच्या एका कचेरीत आम्ही तिघं मराठी कारकून होतो आणि एकाच बिऱ्हाडात राहत होतो. पुणेकर वयानं आणि हुद्द्यानं मोठे. दुसरा रत्नागिरीकर, माझ्याच वयाचा, शांत, दोन वेळा भात मिळाला की जगाशी भांडण नसलेला. तिसरा मी. तिघांचीही लग्नं झालेली, तिघांच्याही बायका गावी, आणि बायकोबद्दल तिघंही चकार शब्द काढत नसू. तापमान, साहेबाचा स्वभाव, तांदळातले खडे, सगळ्यावर तासतासभर बोलायचो. बायको म्हटली की तिघंही शेंगदाणे सोलायला लागायचो.

पुणेकरांनी पहिल्याच दिवशी माझी उलटतपासणी घेतली होती. “तुम्ही नक्की कुठले?”

“जानेफळचा. मेहकर तालुका, बुलढाणा जिल्हा.”

“म्हणजे निजामात?”

आता यांना काय सांगावं. आमचा वऱ्हाड म्हणे निजामाच्या मालकीचा, कारभार इंग्रजाचा, जोडलेला मध्यप्रांताला, राजधानी नागपूर. माणसं मात्र आमचीच आम्ही. एवढं सगळं मी समजावून सांगितलं. ते ऐकून पुणेकर म्हणाले, “असं असं. म्हणजे मराठीच म्हणायचं तुम्हाला.”

त्या ‘म्हणायचं’नं माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणालो, “नाई, फारसी बोलून राह्यलो मी. तुम्हाले समजून राह्यली हे तुमचं नशीब.” रत्नागिरीकर भाताच्या पातेल्यात तोंड घालून हसला. त्या दिवसापासून मी मुद्दाम पुणेकरांसमोर ‘काऊन’ आणि ‘मले-तुले’ जरा जास्तच वापरायला लागलो. मला खाज होतीच.

रविवारी संध्याकाळी मुंबईहून गोष्टी लागायच्या. मुंबईत तेव्हा जेवणाची वेळ झालेली असायची आणि एडनला ऊन अजून भिंतीवरून उतरलेलं नसायचं. एक बाई लोकांनी पाठवलेली पत्रं वाचून दाखवायची. कुणाच्या गावचा सण, कुणाच्या घरची रीत, कुणाच्या आत्याची फजिती. साधा आवाज, घाई नाही, गाळून घेतलेल्या ताकासारखा. मध्येच लाटा यायच्या, आवाज समुद्रात बुडून वर यायचा, की आम्ही तिघं माना पुढं करून बसायचो. आठवडाभर परक्या लोकांत वावरलेला जीव त्या अर्ध्या तासात घरी जाऊन यायचा. खोटं कशाला सांगू, एकदा नुसतं ‘अंगणात सडा घातला’ एवढं वाक्य ऐकून मला डोळे पुसावे लागले होते. मी ठसका लागल्याचं सोंग केलं. पुणेकर म्हणाले, “तिखट कमी खात जा.”

आणि गोष्ट संपली की भांडण. एकदा कुणा बाईनं पत्रात लिहिलं होतं की लहानपणी आम्ही पोरी घरोघर गाणी म्हणत फिरायचो, आणि शेवटी घरवाली झाकलेल्या डब्यात खाऊ आणायची. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं. ओळखेपर्यंत खायला मिळायचं नाही.

“आमचा भोंडला,” पुणेकर समाधानानं म्हणाले.

“भोंडला कुठला? आमची भुलाबाई होय ते,” मी म्हणालो.

“आमच्याकडेही ओळखतात खिरापत,” रत्नागिरीकर म्हणाला.

त्यावर डाळ करपेपर्यंत वाद झाला. पत्र कुठल्या गावचं होतं हे कुणालाच आठवेना, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. जो तो आपल्याच गल्लीत जाऊन पोचला होता. तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं, पण आलं नाही.

आता मी जानेफळहून निघालो तो दिवस सांगितला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

दारात दमणी, आमची छोटी बैलगाडी, जुंपलेली होती. मेहकरपर्यंत दमणीनं, तिथून मोटारीनं खामगाव, मग आगगाडी आणि मग बोट. ओट्यावर बाबा आणि चार शेजारी. माय दह्याची वाटी घेऊन उभी. बायको माजघराच्या दाराआड होती. तिच्या बांगड्या तेवढ्या ऐकू येत होत्या. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. तिनं माझं नाव घ्यायचं नाही, मी तिचं घ्यायचं नाही, आणि बाबांच्या समोर एकमेकांशी बोलायचं म्हणजे तर भलतंच. पण न बोलता निघवेना. दाराजवळ एक वासरू बांधलेलं होतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माजघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, “नीट राह्यजो. दिवाळीनंतर नेतो तुले.”

शेजारचे काका म्हणाले, “काऊन बे, बोटीत वासरू घेतात काय?” सगळे हसले. बाबा हसले नाहीत. खाली मान घालून तंबाखू मळत राहिले.

ती दिवाळी गेली, दुसरी गेली, तिसरीही आली. पहिल्या वर्षी जागा नव्हती. दुसऱ्या वर्षी रजा नव्हती. तिसऱ्या वर्षी दोन्ही होतं आणि तरी मी गेलो नाही. ते का, हे मी तेव्हा स्वतःलाही सांगितलं नव्हतं, आता सांगतो. मला लाज वाटत होती. माझी बोली मी पुणेकरांच्या तोंडावर मारायचो खरी, पण मी कारकून होतो, हवं तेव्हा पुस्तकी बोलू शकत होतो. तिला ते जमणार नव्हतं. ती एडनला येऊन ‘काऊन’ म्हणेल आणि पुणेकर भुवया वर करतील, हे चित्र मला सोसत नव्हतं. वरून मी मोठा वऱ्हाडाचा अभिमानी, आणि आतून हा असा पोकळ.

बाबांचं पत्र महिन्या-दोन महिन्यांनी यायचं. आशीर्वाद उपरी विशेष, मग पाऊस, मग कापूस, मग कोण वारलं, आणि शेवटी एक ओळ: ‘तुझं वासरू खुशाल आहे.’ बाप पोराच्या वासराची एवढी आठवण ठेवतो याचं मला कौतुक वाटायचं. मी पत्रं मोठ्यानं वाचायचो. दुसऱ्या वर्षी ओळ बदलली: ‘वासराचं चाऱ्यात मन नाही.’ मी शेतकऱ्याचा पोरगा, लगेच सल्ला पाठवला: ‘सरकी भिजवून द्या. गुळाचा खडा चारा. उन्हात बांधू नका.’ तिसऱ्या वर्षी आलं: ‘वासरू दाव्याला ओढ घेतं. फाटकाकडं पाहत उभं राहतं. काय करावं ते तूच कळव.’ मी कळवलं: ‘ओढ घेत असेल तर दावं आखूड करा.’ खाली नेहमीप्रमाणे, ‘घरातील सर्वांस यथायोग्य.’

रत्नागिरीकरानं एकदा विचारलं होतं, “तुझं वासरू तीन वर्षं झाली तरी वासरूच कसं? आमच्याकडं एवढ्यात गाय होऊन व्यायली असती.”

“बाबांना ते लहानच वाटतं,” मी म्हणालो. असं उत्तर देणाऱ्या माणसाला कुणी कारकून केलं देव जाणे.

त्याच सुमारास बाबांनी एका पत्रात लिहिलं होतं की डोणगावला एका बड्या शेतकऱ्यानं बॅटरीवरचा रेडिओ आणला आहे आणि लोक गाड्या जुंपून ऐकायला जातात. आपल्या घरची मंडळीही जाऊन आली. ‘मंडळी’त बायको धरलेली असते एवढं मला समजत होतं.

आणि मग एका रविवारी रेडिओवरची बाई म्हणाली, “आज एका भगिनीचं पत्र. नाव त्यांनी कळवलेलं नाही.”

पत्र असं होतं की माझे घरचे दर्यापार नोकरीला आहेत. निघाले त्या दिवशी ओसरीवर वडीलमाणसं होती, म्हणून माझ्याशी बोलले नाहीत. गोठ्यात गेले आणि म्हशीला म्हणाले, जपून राहा, लवकर येतो. म्हैस काय समजायचं ते समजली. मी दाराआड होते, मीही समजले. तेव्हापासून म्हैस आणि मी, दोघी वाट पाहतो.

माझ्या हातातला शेंगदाणा हातातच राहिला. माझ्या बायकोनं हे लिहिलं होतं, यात मला काडीचाही संशय उरला नाही. चार बुकं शिकलेली होती, टपालाची पेटी गावात होती, आणि रेडिओ तिनं डोणगावला पाहिलेला होता. आमच्याकडं वासरू होतं, म्हैस नव्हती. पण तेही मी जुळवून घेतलं. बाई हुशार, ओळख पटू नये म्हणून जनावर बदललं. मी चोरून त्या दोघांकडं पाहिलं. पुणेकर चष्मा पुसत होते. पुसलेलाच चष्मा पुन्हा पुसत होते. रत्नागिरीकर भात बघायला म्हणून उठला, आणि चूल पेटवलेलीच नव्हती. माझ्याच नादात असल्यानं मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढच्या रविवारी दुसरं पत्र. आलेलं टपाल मामंजी ओसरीवर मोठ्यानं वाचतात, मी कणीक तिंबता तिंबता ऐकते, असं तिनं लिहिलं होतं. शेवटी ‘घरातील सर्वांना नमस्कार’ असतो. त्या सर्वांत मी असते. सासूबाई, दीर, नणंद, गडीमाणसं, सगळ्यांत तो नमस्कार वाटला जातो. उरतो तेवढा माझा.

त्या रविवारी कुणी वाद घातला नाही. पुणेकरांनी झाकण उलटं घातलं.

तिसऱ्या रविवारी वाचणारी बाई म्हणाली की या भगिनीचं नाव-गाव विचारणारी पत्रं आली आहेत, त्यावर त्यांनी एवढंच कळवलंय: ज्याचं आहे त्यानं ओळखावं.

मी ओळखलं. दुसऱ्या दिवशी कचेरीतच कोरा कागद घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोला पत्र लिहिलं. चार ओळी. ‘तू जे कळवलंस ते पोचलं. माझं चुकलं. मला कळायला उशीर झाला. रजा काढून न्यायला येतो.’ रेडिओचा उल्लेख मी मुद्दाम टाळला, घरात दुसऱ्या कुणी वाचलं तर तिची पंचाईत नको. पत्र पटकन झालं. पाकिटावर तिचं नाव लिहायला मात्र अर्धा तास लागला. ते नाव मी कधी उच्चारलंच नव्हतं, हात चोरासारखा चालत होता.

दुपारच्या सुटीत वर्तमानपत्रात पाकीट लपवून मी टपाल कचेरीत गेलो. रांगेत पुढं रत्नागिरीकर उभा होता, आणि त्याच्याही पुढं पुणेकर. दोघांच्याही काखेत वर्तमानपत्र. तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. पुणेकरांचं पाकीट घसरून खाली पडलं आणि त्यावर ‘सौ.’ लिहिलेलं आम्हा दोघांना दिसलं.

“वडिलांना लिहिलंय वाटतं,” मी म्हणालो.

पुणेकर तांबडे झाले. मग हळूच म्हणाले, “आता लपवून काय उपयोग. ती रेडिओवरची... आमचं कुटुंब आहे ते.”

“तुमचं?” रत्नागिरीकर म्हणाला. “ती माझी बायको आहे.”

“बस करा,” मी म्हणालो. “माही आहे ती.”

भर टपाल कचेरीत तीन मराठी माणसं एका बाईवर हक्क सांगत होती. खिडकीतल्या अरबाला शब्द कळले नसले तरी विषय कळला असावा. तो आमच्याकडं फार सहानुभूतीनं पाहत होता. पुरावे निघाले. पुणेकरांकडं म्हैस नव्हती, त्यांनी मांजराला सांगितलं होतं. रत्नागिरीकर परसातल्या माडाशी बोलला होता. मी वासराशी. म्हशीशी कुणीच बोललं नव्हतं, पण मागं हटायला कुणी तयार नव्हतं. ‘सर्वांना नमस्कार’ तर तिघंही लिहीत होतो. बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिनं आपलं घ्यायचं नाही, म्हटल्यावर ओळखायचं तरी कशावरून? शेवटी असं ठरलं की जो आधी रजेवर जाईल त्यानं घरी विचारून खरं काय ते कळवावं. पाकिटं मात्र तिघांनीही टाकली.

आधी मी गेलो. जाताना बाजारातून एक पितळी घंटी घेतली. वासरासाठी.

जानेफळला पोचलो तो कापूस वेचणीचा हंगाम. हातपाय धुतले, जेवलो, आणि घंटी काढून गोठ्याकडं निघालो. गोठ्यात बैलजोडी होती, एक म्हातारी गाय होती.

“बाबा, वासरू कुठी आहे?”

बाबांनी तंबाखूची पिशवी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. “ते गेलं,” म्हणाले.

“कवा?”

“झाले दिवस.” आणि ते उठून वावराकडं चालायला लागले. माय पदर तोंडाला लावून आत पळाली. मी घंटी घेऊन गोठ्यात उभा. बैल माझ्याकडं पाहत होते.

दुसऱ्या दिवशी मायनं मला वावरात न्याहारी घेऊन पाठवलं आणि मागोमाग सुनेलाही वेचणीला धाडलं. तिनं जाणून केलं ते. बोरीच्या सावलीत तीन वर्षांनी आम्ही समोरासमोर आलो. ती वाळली होती. पण डोळे हसत होते.

“शेवटी समजलं तं तुम्हाले,” ती म्हणाली. “तुमचं पत्र आलं तवा आत्याबाईनं दोन दिवस देवापाशी ठेवलं. सुनेच्या नावानं पाकीट, काय वाईट बातमी असन म्हून. मामाजी म्हने, जिचं आहे तिले द्या.” मायला ती आत्याबाई म्हणायची आणि बाबांना मामाजी.

“समजलं,” मी म्हणालो. “पन तुले एवढं लिहिता येते हे मले मालूम नोतं. मस्त लिहिलं.”

“मी कुठी लिहिलं? मामाजीनं लिहिलं.”

“बाबा रेडिओले लिहितात?”

“कोन्या रेडिओले?”

मग मी सगळं सांगितलं. रविवार, पत्रं, म्हैस, सर्वांना नमस्कार. ती कापूस वेचता वेचता ऐकत होती. मध्ये एकदा हसली, म्हैस आली तिथं. मग तिचा हात थांबला.

“म्हंजे वासराचं तुम्हाले समजलंच नाई.”

“काय समजाचं? मेलं म्हन्तात ते.”

“ते तं तुम्ही गेले त्याच साली मेलं. पोळ्याच्या आंधी. फऱ्या रोग झाला होता त्याले.” ती माझ्याकडं बघायला तयार नव्हती. “सासऱ्यानं पोराले सुनेचं कसं लिवावं? शोभते काय? म्हून मामाजी वासराचं लिहित. लिहून झालं का ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत, मले आत ऐकू जावं म्हून. मंग पाकीट बंद करत.”

मी न्याहारीचं गाठोडं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

“मंग तुमचं उत्तर ये. तेबी मोठ्यानं वाचत. तुम्ही लिहिलं, सरकी भिजवून द्या, गूळ चारा. आत्याबाई लय हासल्या. त्या दिशी माह्या ताटात गुळाचा खडा वाढला त्याईनं. म्या म्हनलं, चला, आपल्या घरचे मजाक करून राह्यले, म्हंजे त्याईले समजलं.” तिनं ओटीतला कापूस खाली दाबला. “मंग ते दुसरं पत्र आलं. मामाजी वाचता वाचता मधातच थांबले. घडी केली अन् टोपीत ठेवलं. दुसऱ्या दिशी त्याईची टोपी खुंटीवर होती तवा मी काढून वाचलं. चार बुकं शिकली ना मी. दावं आखूड करा, लिहिलं होतं.”

“अवं पन मले...”

“त्या दिशी मी जेवली नाई.”

बोरीखाली मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. रागावली असती, रडली असती तर निभावलं असतं. ती पुन्हा कापूस वेचायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, “घरच्या मानसानं तीन सालं सांगितलं ते तुमच्या कानात गेलं नाई. अन् कोन्या परक्या बाईनं तीन ऐतवार सांगितलं तं लगेच धावत आले. मंग ते पाकीट माह्यासाठी होतं का त्या बाईसाठी?”

“नाव तुह्यं होतं त्याच्यावर,” मी म्हणालो.

“हाव,” ती म्हणाली. “नाव माह्यं होतं. म्हून तं ठेवलं म्या.”

उन्हं चढेपर्यंत मी तिच्या मागून मागून कापूस वेचला. दोन वेळा माफी मागितली. तिसऱ्यांदा मागायला गेलो तेव्हा ती वळली. डोळ्यांत पुन्हा तेच, चिडवण्याचं. “एक करा. निघाच्या दिशी बैलाले, गाईले, मांजरीले काई सांगू नोका. मले सांगा. समद्याईच्या समोर. जमन तं येतो मी, नाई तं ऱ्हा तिथी आपल्या रेडिओपाशी.”

परत गेल्यावर त्या दोघांना मी काय सांगितलं, ते इथंच सांगून टाकतो. मी म्हणालो, ती बाई माझी नव्हे, बहुतेक तुमच्यापैकीच एकाची. पुणेकर म्हणाले, त्यांना आधीपासून खात्रीच होती. रत्नागिरीकरही तेच म्हणाला. वर्षाच्या आत दोघांनीही बायका आणल्या. ती बाई खरी कोण होती ते आम्हाला कधीच कळलं नाही. आणि माझी बायको पहिल्याच दिवशी पुणेकरांना म्हणाली, “काऊन जी, तुमचा रेडिओ झाकून काऊन ठेवता, त्याले थंडी वाजते काय?” पुणेकरांनी भुवया वर केल्या आणि मग एवढे हसले की चष्मा काढावा लागला. ज्या गोष्टीला मी तीन वर्षं घाबरलो ती एवढीच होती.

पण निघायचा दिवस राहिलाच.

दारात तीच दमणी. ओट्यावर बाबा, तेच शेजारी, काका सगळ्यात पुढं. माय दही घेऊन. यावेळी बायको दाराआड नव्हती. बोचकं घेऊन उंबऱ्याच्या आत उभी होती, नजर खाली, आणि पाय काही उंबऱ्याबाहेर टाकत नव्हती. सगळे थांबले होते. मी बैलाकडं पाहिलं. तेवढ्यात तिच्या पदरातून बारीक किणकिण ऐकू आली. वासरासाठी आणलेली घंटी तिनं किल्ल्यांच्या जुडग्याला बांधली होती, आणि ती मुद्दाम हलवत होती.

मी तिच्याकडं वळलो. “चाल,” म्हणालो. “तुले न्यायले आलो मी.”

काकांचा हात तपकिरीच्या डबीत तसाच राहिला. माय आढ्याकडं पाहायला लागली. बायको उंबरा ओलांडून, ओट्यावरून सगळ्यांच्या मधून चालत येऊन दमणीत बसली. आभाळ काही कोसळलं नाही.

दमणी हलली तसे बाबा उठून सोबत चालायला लागले. गावाच्या वळणापर्यंत आले. तिथं गाडीवानाला थांबवलं. मला वाटलं आता मला काही सांगतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. बैलाच्या पाठीवर हात ठेवला, आणि दमणीत आतपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं त्याला म्हणाले, “लंबं जायचं आहे. सांभाळून नेजो. अन् दावं आखूड करू नोको.”